घरी बनवलेल्या फझ पेडलला एलईडी कसा जोडू? रेझिस्टर किती ओहमचा? मित्र म्हणतो, दिव्यामुळे स्विच दाबताना 'टप्प' वाजतं. खरं आहे का?

मित्राचं आधी घेतो, कारण हेच वाक्य मी आमच्या बँडमधल्या बास वाजवणाऱ्याकडून दोन वर्षं ऐकलंय.

माझ्या पहिल्या फझचा (गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल) स्विच दाबला की अँपमधून टप्प यायचं. तो म्हणायचा, "दिवा काढून टाक. वाजवणाऱ्याला कानाने कळतं पेडल चालू आहे की बंद." एका कार्यक्रमाआधी मी वायर तोडली. टप्प होतं तिथेच राहिलं. वर गाण्याची हळुवार सुरुवात सगळ्यांसमोर फझमधून गेली, कारण पेडल चालू राहिलंय हे पहिला स्वर वाजेपर्यंत कळायला मार्गच नव्हता. कानाला कळतं ते वाजल्यावर. दिवा त्याआधी सांगतो.

घरी येऊन सर्किट तपासलं. बायपासमध्ये, म्हणजे पेडल बंद असताना, इनपुट कपॅसिटरचं बाहेरचं टोक अधांतरी राहत होतं. कपॅसिटर थोडा गळतोच. तिथे व्होल्टेज साठायचं आणि स्विच दाबताच सिग्नलमध्ये सुटायचं. त्या टोकापासून ग्राउंडला 1 मेगओहमचा रेझिस्टर लावला, तसाच एक आउटपुटला. आवाज गेला. दिवा परत जोडला, तरी आला नाही.

आता जोडणी. 9 व्होल्टवरून रेझिस्टर, मग एलईडीचा लांब पाय. आखूड पाय थ्री-पीडीटीच्या (तीन ओळींचा पायाने दाबायचा स्विच) मोकळ्या ओळीतून ग्राउंडला. लाल एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात, म्हणजे 4.7 किलोओहमला दीड मिलिअँप. हल्लीच्या तेजस्वी एलईडीला तेवढे पुरतात. 470 ओहम लावूच नका: 15 मिलिअँप जातील, आणि दोन ट्रान्झिस्टरचा फझ स्वतः एखाद्या मिलिअँपवर चालतो. बॅटरी दिवाच खाईल.

जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरचा पॉझिटिव्ह ग्राउंड फझ असेल, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक ग्राउंडला असेल, तर एलईडीचे पाय उलटे करा. आणि हो, दोन्ही रेझिस्टर लावूनही टप्प राहिलं, तर मात्र दिव्यावर संशय घ्या. त्याची ग्राउंड वायर इनपुट जॅकला न जोडता थेट पॉवर जॅकपर्यंत वेगळी न्या.

मित्राला समोर बसवा, दिव्याची वायर सुटी करा आणि स्विच दाबा. टप्प आलंच, तर त्याच्या म्हणण्यात काही उरलं नाही. फक्त पॉवर दिल्यानंतरचे पहिले दोन-तीन आवाज धरू नका, तेव्हा कपॅसिटर भरत असतात.