पण कशावर?

नाशिक, रविवार

पोरी,

तुझी मेल वाचली. एकाच ग्राफीन रिबनच्या (एका अणूइतक्या जाडीच्या अरुंद कार्बन-पट्टीच्या) बँड गॅपचे, म्हणजे तिच्यात इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणाऱ्या किमान ऊर्जेचे, तीन आकडे पुढ्यात घेऊन बसलीस आणि विचारतेस, "सर, यातला खरा कुठला?" आधी ते नीट मांडू. सात कार्बन-रांगांची आर्मचेअर (कडा खुर्चीच्या हातांसारखी दिसणारी) रिबन. साध्या डीएफटीत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या नेहमीच्या संगणकी गणितात, गॅप सुमारे 1.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट. जास्त काटेकोर जीडब्ल्यू गणितात 3.7. आणि सोन्यावर वाढवलेल्या रिबनवर एसटीएमची (अणू टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची) सुई नेऊन मोजला, तर 2.3 च्या आसपास.

तू दिंडोरीची, घरी द्राक्षबाग. हे तुला माझ्याआधी उमगायला हवं होतं. थॉमसन द्राक्षाची काडी स्वतःच्या मुळांवर वाढवली आणि डॉगरिजच्या खुंटावर कलम केली, तर पाणीटंचाईत, खारवट जमिनीत वेल सारखीच वागेल का? नुसतं "थॉमसन" म्हणालीस तर बाबा लगेच विचारतील, खुंट कोणता? सबस्ट्रेटचंही, म्हणजे रिबन ज्यावर असते त्या पृष्ठाचंही, तसंच. (उपमा इथवरच ताणायची. खुंट वेलीला पाणी पाजतो. सोन्यावर रिबन नुसती पडून असते.)

मग नुसतं खाली असून सोनं करतं काय? रिबनमध्ये एक जादा इलेक्ट्रॉन सोड. सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन तिथून बाजूला सरतात, खाली विरुद्ध चार्जची प्रतिमा तयार होते आणि आलेल्या इलेक्ट्रॉनला तिथे राहणं स्वस्त पडतं. इलेक्ट्रॉन काढून घेतानाही खर्च असाच घटतो. दोन्हीकडून खर्च घटला की गॅप आक्रसतो. म्हणून 3.7 हा निर्वातात एकट्या असलेल्या रिबनचा, 2.3 सोन्यावरच्या रिबनचा. दोन्ही खरे.

1.6 चं प्रकरण वेगळं. ती पद्धतच गॅप कमी दाखवते. उद्या तिचा आकडा एखाद्या प्रयोगाशी जुळला तर हुरळू नकोस. सोन्याचा परिणाम धरला नाही म्हणून गॅप जास्त यायला हवा होता, पद्धतीने तो खाली ओढला. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं, इतकंच. मी तरुणपणी असाच एक जुळलेला आकडा सेमिनारात मिरवला होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण कशावर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोनं हौसेने वापरत नाहीत, हेही लक्षात घे. 2010 साली स्वित्झर्लंडच्या एम्पा या संशोधन संस्थेत रोमन फासेल यांच्या गटाने ब्रोमीन लावलेले बायअँथ्रिल रेणू सोन्यावर तापवले. 200 अंशांना ब्रोमीन सुटून रेणूंची साखळी झाली, 400 ला हायड्रोजन निघून सपाट रिबन. ही अभिक्रिया सोनंच घडवतं. पण भाकरी तव्यावर झाली म्हणून तवा ताटात घेऊन कोणी जेवत नाही. ट्रान्झिस्टरमध्ये खाली धातू राहिला तर करंट रिबनऐवजी सोन्यातूनच जाईल. म्हणून रिबन उचलून सिलिकॉन डायऑक्साइडसारख्या इन्सुलेटरवर ठेवतात. तिथे प्रतिमा क्षीण, म्हणजे गॅप पुन्हा वाढणार.

तेव्हा रिपोर्टातल्या तक्त्यात दोन रकाने वाढव: रिबन कशावर आहे, आणि आकडा कसा मिळाला. मग मला दाखव. बुधवारी दुपारी कॉलेजरोडला घरीच आहे.

ता. क. रांगा दोनदा मोज. सातच्या आठ झाल्या तर रिबनचं कुळच बदलतं आणि गॅप धाडकन खाली येतो. गेल्या खेपेच्या तुझ्या आकृतीत मला आठ दिसल्या.