'पॅरिश कौन्सिल'ला मराठीत ग्रामपंचायत म्हणावे का?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या पॅरिश कौन्सिलच्या सभांचे वृत्तांत मराठीत आणायचे आहेत. एका मसुद्यात तिला 'चर्च समिती' म्हटले आहे, दुसऱ्यात 'ग्रामपंचायत'. बरोबर काय? आणि प्रिसेप्ट, क्लार्क, अपॉलॉजीज, को-ऑप्शन, अलॉटमेंट या शब्दांचे काय करायचे?

'चर्च समिती' सरळ चूक आहे. 'ग्रामपंचायत' अर्थ समजावून सांगायला चालेल, पण भाषांतरात वापरला तर वाचक भलत्या अपेक्षा धरून बसेल. माझ्या मते संस्थेचे नाव 'पॅरिश कौन्सिल' असेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात 'इंग्लंडमधली गावपातळीवरची निवडून आलेली संस्था' एवढे सांगून मोकळे व्हावे. सभेच्या आतले शब्द मात्र आपल्या ग्रामपंचायतीच्या दप्तरातून बिनदिक्कत घ्यावेत. तिथे मराठी अतिशय संपन्न आहे आणि नवे शब्द पाडण्याची गरज क्वचितच पडते.

चर्चचा घोटाळा 'पॅरिश' या शब्दामुळे होतो. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हाताखालचा परिसर. इंग्लंडमध्ये गरिबांना मदत, गावचे रस्ते ही कामेही शतकानुशतके चर्चच्या व्हेस्ट्री सभेकडे होती. १८९४च्या कायद्याने धर्माचा कारभार आणि गावचा कारभार वेगळे केले आणि दुसऱ्यासाठी पॅरिश कौन्सिले निर्माण झाली. आज ती १९७२च्या स्थानिक शासन कायद्यानुसार चालतात. इंग्लंडमध्ये अशी सुमारे १०,००० कौन्सिले आहेत. वेल्समध्ये याच संस्थेला कम्युनिटी कौन्सिल म्हणतात.

मराठीत हा घोटाळा आणखी एका कारणाने घट्ट होतो. वसईच्या कॅथलिक मराठीत पॅरिशला 'धर्मग्राम' हा सुंदर शब्द रुळलेला आहे आणि तिथे 'पॅरिश कौन्सिल' म्हटले की धर्मगुरूंना सल्ला देणारी भाविकांची समितीच डोळ्यांपुढे येते. कॅथलिक धर्मकायद्यात ती केवळ सल्लागार आहे. तेव्हा 'धर्मग्राम परिषद' हा शब्द त्या समितीसाठीच राखून ठेवावा, इंग्लंडच्या गावसंस्थेला लावू नये. गोव्यात पॅरिशला 'फिर्गज' म्हणतात, तो पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून आला. खुद्द पोर्तुगालमध्ये फ्रेगेझिया म्हणजे चर्चची पॅरिश आणि सर्वांत खालचा शासकीय विभाग, असे दोन्ही अर्थ आजही जिवंत आहेत. गोव्यात मात्र त्यातला चर्चचाच अर्थ उरला.

आता 'ग्रामपंचायत' का नको? कारण मराठी वाचकाच्या मनात या शब्दाबरोबर सरपंच येतो, ग्रामसेवक येतो, जन्ममृत्यूचे दाखले, नमुना आठचा उतारा, घरपट्टी आणि नळपाणी योजना येते. पॅरिश कौन्सिलकडे यांतले काहीच नाही. शाळा, मोठे रस्ते, कचरा, घरांचा कर हे सारे वरच्या डिस्ट्रिक्ट किंवा काउंटी कौन्सिलांकडे असते. पॅरिश कौन्सिल स्मशानभूमी सांभाळते, खेळाचे मैदान, बसथांब्याचा निवारा, पायवाटेवरचे दिवे, बाक, युद्धस्मारक पाहते. सदस्य किमान ५ असतात, मुदत ४ वर्षांची.

सरपंच आणि चेअरमन यांत तर मोठे अंतर आहे. महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून ५ वर्षांसाठी निवडला जातो. पॅरिश कौन्सिलचा चेअरमन, म्हणजे अध्यक्ष, सदस्यांनी आपल्यातून एका वर्षासाठी निवडलेला असतो आणि ही निवड दरवर्षी कौन्सिलच्या वार्षिक सभेतला पहिला विषय असते. समसमान मते पडली तर त्याला निर्णायक मत मिळते, ते त्याच्या स्वतःच्या मताशिवाय दुसरे मत असते. पण एकट्याने निर्णय घेण्याचा अधिकार त्याला नाही. कौन्सिल आपले अधिकार समितीला किंवा अधिकाऱ्याला सोपवू शकते, एकट्या सदस्याला नाही. म्हणून 'अध्यक्षांनी बाक बसवण्याचे ठरवले' असे भाषांतर आले की मूळ पुन्हा तपासावे. बहुतेक वेळा ते 'कौन्सिलने ठराव केला' असेच असते.

क्लार्कला 'कारकून' म्हणू नये. तो सभेची नोटीस सहीनिशी काढतो, विषयपत्रिका करतो, वृत्तांत लिहितो, बहुतेक ठिकाणी हिशेबाची कायदेशीर जबाबदारीही त्याच्याचकडे असते. 'ग्रामसेवक' हा शब्दही जुळत नाही: ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर असतो, त्याची बदली होते. क्लार्कला कौन्सिल स्वतः नेमते, लहान गावात आठवड्याच्या काही तासांपुरतेच. 'सचिव' हा शब्द इथे नेमका बसतो.

नोटिशीत 'तीन क्लिअर डेज' येते. आपल्या दप्तरात यासाठी 'तीन पूर्ण दिवस' हा शब्द आहे, तोच घ्यावा. पण मोजणी नीट समजून घ्यावी: नोटीस काढल्याचा दिवस धरत नाहीत, सभेचा दिवस धरत नाहीत, रविवार आणि बँक हॉलिडेही धरत नाहीत. मंगळवारी सभा असेल तर सोमवार, शनिवार, शुक्रवार हे तीन पूर्ण दिवस झाले, म्हणजे नोटीस उशिरात उशिरा गुरुवारी लागली पाहिजे. 'तीन दिवस आधी' असे लिहिले तर वाचक शनिवार समजेल आणि ती सभा बेकायदा ठरेल.

विषयपत्रिकेवरचा पहिलाच शब्द 'अपॉलॉजीज'. तुमच्या मसुद्यात 'माफी' आहे. इथे माफीचा संबंध नाही. सहा महिने सलग गैरहजर राहिलेल्या आणि गैरहजेरीचे कारण कौन्सिलने मंजूर न केलेल्या सदस्याचे पद जाते, म्हणून हा विषय असतो. आपल्या ग्रामपंचायत कायद्यातही परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना न येणाऱ्या सदस्याबद्दल अशीच तरतूद आहे. तेव्हा 'गैरहजर सदस्यांची कारणे मंजूर करणे' असे लिहावे. कारण कळवले गेले की मंजूर झाले, हा फरक मूळ मजकुरात असेल तसाच उतरला पाहिजे, कारण त्यावर एखाद्याचे सदस्यत्व टिकते.

पुढचा विषय मागच्या सभेच्या मिनिट्सचा. याला 'मिनिटांना मान्यता' म्हणणे मराठीला अगदी परके आहे. गावोगावच्या सभांत 'मागील सभेचे प्रोसिडिंग वाचून कायम करणे' असे म्हणतात, लेखी भाषेत 'इतिवृत्त कायम करणे'. यातले 'कायम करणे' हे क्रियापद फार नेमके आहे. सभेत वृत्तांतातली नोंद बरोबर आहे एवढेच ठरते, जुना निर्णय पुन्हा मंजूर होत नाही. तीच गोष्ट प्रपोजर आणि सेकंडर यांच्यासाठीच्या 'सूचक' आणि 'अनुमोदक' या शब्दांची. आडवळणाने 'प्रस्ताव मांडणारा' आणि 'दुजोरा देणारा' लिहिण्याचे कारण नाही.

'एनी अदर बिझनेस'ला 'आयत्या वेळचे विषय' हा आपला शब्द लगेच सुचतो आणि नेमका तिथे पाय घसरतो. आपल्याकडे त्याखाली अध्यक्षांच्या परवानगीने ठराव घेतलेले दिसतात. इंग्लंडमध्ये ज्या विषयाचा उल्लेख नोटिशीत नाही त्यावर कौन्सिलला निर्णयच घेता येत नाही, फक्त माहिती देता येते किंवा तो पुढच्या सभेत ठेवता येतो. 'इतर माहिती' असे लिहिणे सुरक्षित.

यापेक्षा मोठी गफलत दोन सभांच्या नावांत होते. 'ॲन्युअल पॅरिश मीटिंग' आणि 'ॲन्युअल मीटिंग ऑफ द पॅरिश कौन्सिल' या दोन निराळ्या सभा आहेत. पहिली गावातल्या सर्व मतदारांची, १ मार्च ते १ जून यांदरम्यान, संध्याकाळी ६च्या आधी सुरू न होणारी. तिथे मतदार बोलू शकतो, मतही देऊ शकतो. तिला 'वार्षिक ग्रामसभा' म्हणायला हरकत नाही, फक्त आपल्या ग्रामसभेसारखी लाभार्थी निवडण्याची कामे तिच्याकडे नाहीत. दुसरी सभा कौन्सिलच्या सदस्यांची. तिथे गावकरी बसून ऐकू शकतात, मत देऊ शकत नाहीत. तिला 'कौन्सिलची वार्षिक सभा' म्हणावे. दोन्हींना 'वार्षिक सभा' म्हटले की 'ग्रामस्थांनी ठराव केला' आणि 'सदस्यांनी ठराव केला' यांतला फरकच पुसला जातो.

'को-ऑप्शन'ला 'स्वीकृत सदस्य' हा नगरपालिकेतला शब्द लावू नका. आपल्या नगरपालिकेतल्या स्वीकृत सदस्याला सभेत मताचा अधिकार नसतो. इंग्लंडच्या पॅरिश कौन्सिलात जागा रिकामी झाली आणि मुदतीत १० मतदारांनी पोटनिवडणूक मागितली नाही, तर कौन्सिल स्वतः कुणाला तरी घेते आणि त्या व्यक्तीला पूर्ण मताधिकार मिळतो. 'सहयोजित सदस्य' हा शब्द योग्य, आणि क्रियापद 'सहयोजित केले'.

'प्रिसेप्ट' हा शब्द सर्वांत जास्त सांभाळावा लागेल. कोशात तो 'उपदेश', 'आज्ञा' असा सापडेल. इथे अर्थ असा: पॅरिश कौन्सिल घरोघर कर वसूल करत नाही. वर्षाचे अंदाजपत्रक करून जेवढी रक्कम कमी पडते तेवढी ती डिस्ट्रिक्टकडे मागते, डिस्ट्रिक्ट ती कौन्सिल टॅक्सबरोबर, म्हणजे घरांवरच्या कराबरोबर, गोळा करून देते. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा उपकर जमीन महसुलाबरोबर वसूल होतो, तशीच ही वाट. पण उपकर हा कराचा प्रकार आहे, प्रिसेप्ट म्हणजे मागितलेली एकूण रक्कम. म्हणून मी 'करमागणी' हा शब्द सुचवतो.

आकडे घेऊन पाहिले की शब्द नीट बसतो. समजा वर्षाचा खर्च ३०,००० पौंड, स्मशानभूमीचे शुल्क आणि भाडी मिळून ६,००० पौंड जमा. करमागणी २४,००० पौंड. या करासाठी घरांच्या किमतीनुसार ए ते एच अशा श्रेणी, म्हणजे बँड, असतात. गावातली सर्व घरे मधल्या 'बँड डी' या श्रेणीत रूपांतरित करून ४८० भरली, तर बँड डीच्या घरावर वर्षाला ५० पौंड पडतात. बँड एच्या घराला त्याच्या दोन तृतीयांश, बँड एचच्या घराला दुप्पट. आता पुढच्या वर्षी करमागणी ५ टक्क्यांनी वाढून २५,२०० झाली, पण नवी घरे झाल्यामुळे तो ४८०चा आकडा ५०४ झाला, तर प्रत्येकी बोजा ५० पौंडच राहतो. म्हणजे 'प्रिसेप्ट ५ टक्के वाढवला' याचे भाषांतर 'कर ५ टक्के वाढवला' असे केले तर ती चुकीची बातमी होते.

बांधकाम अर्जांच्या बाबतीतही क्रियापद जपावे. पॅरिश कौन्सिलला साधारण २१ दिवसांत फक्त मत कळवता येते, परवानगी डिस्ट्रिक्ट देते. म्हणून 'बांधकाम नामंजूर केले' नव्हे, तर 'हरकत नोंदवली'. 'मंजूर केले' नव्हे, तर 'हरकत नसल्याचे कळवले'.

'अलॉटमेंट' म्हणजे 'वाटप' नव्हे. ज्यांना घराशेजारी जागा नाही त्यांना भाजीपाला पिकवायला भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. 'परसबाग' म्हणता येत नाही, कारण ती घराच्या परसात नसते. 'भाड्याचा भाजीवाफा' असे लिहावे. याचे जुने माप १० रॉड, म्हणजे १० चौरस रॉड. भाषांतरात बरेच जण 'रॉड' तसाच ठेवतात किंवा चौरस मीटर करतात, सुमारे २५३. पण मराठी वाचकासाठी याहून चांगली वाट आहे. रॉड म्हणजे साडेसोळा फूट, आणि आपला गुंठा ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. म्हणजे ४ चौरस रॉडचा बरोबर एक गुंठा होतो, आणि १० रॉड म्हणजे अडीच गुंठे, एक इंचाचाही फरक न राहता. एकर तिथे १६० रॉडचा, इथे ४० गुंठ्यांचा. अडीच गुंठे म्हटले की आपल्या शेतकऱ्याला तो तुकडा डोळ्यांसमोर दिसतो.

एक सूचना 'टाउन कौन्सिल'बद्दल: पॅरिश कौन्सिल ठराव करून स्वतःला टाउन कौन्सिल म्हणवून घेऊ शकते आणि मग तिचा अध्यक्ष टाउन मेयर होतो. अधिकार तेच राहतात. त्यामुळे 'नगरपालिका' आणि 'महापौर' लिहू नये.

अशा सभेच्या वृत्तांतातला उतारा मी मराठीत असा लिहीन:

'गैरहजर दोन सदस्यांची कारणे मंजूर करण्यात आली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले व अध्यक्षांनी त्यावर सही केली. रिकाम्या जागेवर एका सदस्यास सहयोजित करण्यात आले. पुढील वर्षासाठी २४,००० पौंडांची करमागणी सर्वानुमते मंजूर झाली. सचिवांनी ती डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे पाठवावी. चर्चरस्त्यावरील घराच्या वाढीव बांधकामास, शेजारच्या घराचा उजेड अडत असल्याने, हरकत नोंदवण्याचे ठरले. भाजीवाफ्यांचे भाडे पुढील सभेत विचारार्थ ठेवावे.'