वाचकांचे प्रश्न : जुने दिवाळी अंक आणि कॉपीराइट

प्रश्न : वडिलांनी जमवलेले १९५५ ते १९७० या काळातले दिवाळी अंक आमच्या घरी आहेत. टाचण्या गंजून मधली पाने सुटली आहेत आणि काही अंकांना कसर लागली आहे. मोबाइलवर सगळी पाने टिपून त्यांची पीडीएफ करून ठेवली तर चालेल का? ती आमच्या वाचक मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकता येईल का? बरेचसे अंक साठ वर्षांहून जुने असल्याने त्यांवरचे हक्क आता संपले, असे गटातले काहीजण म्हणतात.
– एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण ‘साठ वर्षे झाली, आता मोकळे’ हा समज फार पसरलेला आहे. साठ हा आकडा बरोबर आहे. चूक होते ती मोजणी कुठून सुरू करायची यात. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून साठ वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे त्यांच्या हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांची कथा आपल्या १९६० च्या अंकात असली, तरी तिच्यावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत राहील.

दिवाळी अंकाची अडचण इथेच आहे. एकाच अंकात वीस लेखक असले, तर प्रत्येकाची मुदत वेगळी संपते. मुखपृष्ठ दीनानाथ दलालांचे असेल, तर तेवढ्या एका पानासाठी २०३१ अखेरपर्यंत थांबावे लागते, कारण दलाल १९७१ साली गेले. प्रकाशनापासून साठ वर्षे मोजतात ती निनावी किंवा टोपणनावाच्या लेखनासाठी (तेही लेखक कोण हे दरम्यान उघड झाले नसेल तरच) आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापल्या गेलेल्या साहित्यासाठी.

ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यामुळे त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. तो टिकावा म्हणून १९९२ च्या दुरुस्तीने दहा वर्षे वाढवली गेली, आणि ती साऱ्याच लेखकांना लागू झाली. मला ही वाढ आजही खटकते. ज्यांची पुस्तके कोणी पुन्हा छापत नाही आणि ज्यांच्या वारसांचा पत्ता लागत नाही, अशा कितीतरी मराठी लेखकांचे लेखन त्यामुळे आणखी दहा वर्षे कपाटात अडकून पडते.

आता घरच्या प्रतीविषयी. कलम ५२(१)(क) प्रमाणे खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, अभ्यास-संशोधनासह, कृतीचा रास्त वापर केल्यास हक्कभंग होत नाही; २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही सवलत संगणक प्रणाली सोडून सर्व प्रकारच्या कृतींना मिळते. आपल्या मालकीचा, बाजारात न मिळणारा, विरत चाललेला अंक स्वतःला वाचता यावा म्हणून टिपून ठेवणे या सवलतीत बसते, असे माझे मत आहे. दुकानात मिळणारे नवे पुस्तक मित्राकडून आणून ते विकत घ्यावे लागू नये म्हणून सबंध उतरवणे मात्र ‘रास्त’ ठरवणे कठीण आहे.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर पीडीएफ टाकू नका. पैसे घेतले नाहीत म्हणून तो खासगी उपयोग ठरत नाही. प्रत आपल्या हातून दुसऱ्यांकडे गेली की ते वितरण होते. मंडळात एखादी कथा मोठ्याने वाचून तिच्यावर चर्चा करायला, किंवा समीक्षेच्या ओघात तिच्यातला उतारा देऊन मजकूर गटावर लिहायला हरकत नाही.

अंक खरोखर टिकावेत असे वाटत असेल, तर ते गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावेत, असे मी आग्रहाने सुचवतो. ज्या कृतीची कागदी प्रत वाचनालयाकडे आधीपासून आहे, तिची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवण्याची मुभा बिगर-व्यापारी सार्वजनिक वाचनालयांना याच कलमाने दिली आहे. मात्र देण्यापूर्वी गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढून पाने सुती दोऱ्याने शिवून घ्या. गंज पसरला की टाचणीभोवतीचा कागद आधी तुटतो.