दाराखालची सावली

"पिक्चर बघून कुणी समुपदेशकाकडे येतं का हो?" अविनाशनी खुर्चीत बसता बसता विचारलं आणि स्वतःच हसले. अपॉइंटमेंट बायकोने घेतली होती. नाव अर्थातच बदललेलं आहे, आणखी चार-दोन तपशीलही बदललेत, आणि हे लिहायच्या आधी त्यांना विचारलं आहे. वय 46, एका बँकेत कर्ज विभागात अधिकारी, घर सिंहगड रोडला. एका रविवारी त्यांच्या अठरा वर्षांच्या मुलीने घरी 'परिंदा' लावला. पाऊण तास झाला असेल, अविनाश उठून गॅलरीत गेले ते पिक्चर संपेपर्यंत आत आलेच नाहीत. त्या रात्रीपासून पहाटे तीनला जाग यायला लागली, ती तीन आठवडे झाले तरी थांबेना.

टिळक रोडच्या माझ्या खोलीत पिक्चरमुळे असं कुणी पहिल्यांदाच आलं. पण त्यामागची काळजी मी वर्षाला पाच-सहा वेळा तरी ऐकते. लहानपणचा जिवलग मित्र वाईट मार्गाला लागला, मी त्याच्याशी संबंध तोडले, बरोबरच केलं. मग अजून अपराधी का वाटतं? आणि आता तो समोर आलाच, तर काय करू?

अविनाशच्या बाबतीत तो समोर आलाच होता. रविवारच्या आधीच्या बुधवारी. हे मात्र मला तिसऱ्या भेटीत कळलं.

'परिंदा' ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1989चा विधू विनोद चोप्रांचा सिनेमा. मुंबईच्या रस्त्यावर वाढलेले दोन अनाथ भाऊ, किशन (जॅकी श्रॉफ) आणि करण (अनिल कपूर). धाकट्याला शिकवायचं म्हणून थोरला अण्णा नावाच्या गुंडाच्या टोळीत काम करतो. अण्णा म्हणजे नाना पाटेकर. करण अमेरिकेत शिकून परततो आणि पोलीस अधिकारी झालेल्या बालमित्राला, प्रकाशला, भेटायला जातो. अण्णाची माणसं प्रकाशला तिथेच गोळ्या घालतात. तो करणच्या हातांत जीव सोडतो आणि आजूबाजूची सगळी कबुतरं एकदम उडतात. प्रकाशच्या बहिणीला, पारोला (माधुरी दीक्षित), वाटतं की यात करणही सामील आहे. एका दुपारी दोन नाती तुटतात.

अविनाश उठून गेले ते याच्याही पुढे, पण हेही मला उशिरा कळलं. मी समजले, प्रकाश मरतो तिथे उठले असतील.

शुक्रवार पेठेतला एक वाडा. अविनाशचे वडील कंपनीत कामगार, सुनीलचे वडील मंडईत हमाल. दोघं एका वर्गात, एका मंडळात, एका ढोल पथकात. नदीपात्रात सराव, हाताला फोड, त्यावर खोबरेल तेल. त्या काळी वर्गणी काढून रात्रभरासाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे आणि वाड्याच्या चौकात लागोपाठ तीन पिक्चर बघायचे. 'परिंदा' त्यातला तिसरा होता. अण्णाला आगीची भीती असते. सुनील दुसऱ्या दिवसापासून कुणी काडी ओढली की नाना पाटेकरसारखा किंचाळून पाठीमागे सरकायचा. अख्खा वाडा हसायचा. शेवट मात्र त्याने पाहिलाच नव्हता, पहाटे झोप लागली. शाळेत जाताना अविनाशने त्याला शेवट सांगितला, तोही खोटा. करण आणि पारो नावेत बसून लांब निघून जातात म्हणून. खरं तर त्या नावेतच दोघांना मारतात.

"का खोटं सांगितलंत?"

"वाईट वाटलं असतं त्याला."

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मित्राला वाईट वाटू नये म्हणून पिक्चरचा शेवट बदलतो. त्यांनी हे सांगितलं तेव्हा पेन खाली ठेवून मी काही वेळ नुसतीच ऐकत बसले.

पुढचं पुण्यात वाढलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. सुनील दहावीनंतर सुटला. आधी मंडळाची वर्गणी, मग कुणासाठी तरी 'वसुली'. शहर हिंजवडी, वाकडच्या बाजूला पसरायला लागलं, जमिनींना सोन्याचा भाव आला आणि प्लॉटवर 'ताबा' मारायला पोरं लागायला लागली. सुनील त्यात गेला. 2005 मध्ये तो तडीपार झाला. 1951च्या पोलीस कायद्याखाली कमाल दोन वर्षांपर्यंत माणसाला जिल्ह्याबाहेर काढता येतं. जुलैत एका रात्री, धो धो पावसात, अविनाशच्या फ्लॅटची बेल वाजली. आत तीन महिन्यांची मुलगी नुकती झोपली होती. अविनाशनी आयहोलमधून पाहिलं. सुनील, भिजलेला, हातात कापडी पिशवी. अविनाश दाराला टेकून उभे राहिले. हात कडीवर. कडी काढली नाही. चार-पाच मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली.

पुढच्या वर्षी सुनील एका हाणामारीच्या केसमध्ये आत गेला, मोक्का म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लागला, आणि बरीच वर्षं येरवड्यात गेली. अविनाश एकदाही मुलाखतीला गेले नाहीत.

आता माझी चूक सांगते. दाराची गोष्ट ऐकून मी लगेच म्हणाले, "तुम्ही योग्यच केलंत. घरात तान्हं बाळ होतं. तडीपार माणसाला घरात घेणं म्हणजे स्वतः पोलिसांच्या भानगडीत पडणं होतं." शब्दन् शब्द खरा. पण मी तो त्यांच्यासाठी बोलले नव्हते, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मलाच जे अस्वस्थ वाटत होतं ते मिटवायला बोलले होते. ते "हो, हो" म्हणाले आणि पुढचे दोन आठवडे आलेच नाहीत. एकोणीस वर्षं हे काम करूनही माणूस असा घसरतो.

परत आले तेव्हा मी दाराचा विषय काढलाच नाही. विचारलं, "पिक्चरमध्ये तुम्ही नेमके कुठे उठलात?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "करणला कळतं ना, आपलं शिक्षण कुणाच्या पैशावर झालं. तिथे."

1997 मध्ये वडिलांची कंपनी बंद पडली. अविनाश तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. बँकेच्या परीक्षांचा क्लास आणि कॉम्प्युटर कोर्स धरून साडेसहा हजार भरायचे होते, घरात सहाशे नव्हते. सुनीलने मंडळाच्या जुन्या पावतीपुस्तकात नोटा घालून, वर रबर लावून आणून दिलं. "पुस्तक परत दे, नोटा नकोत." अविनाशनी पैसे कुठले ते विचारलं नाही. वीस वर्षांच्या मुलाला कळत नव्हतं असंही नाही. त्याच क्लासवर नोकरी लागली, नोकरीवर लग्न, लग्नानंतर तो फ्लॅट, आणि त्याच फ्लॅटचं ते दार.

दिवसभर लोकांना थकलेल्या हप्त्यांबद्दल विचारणारा हा माणूस. स्वतःचा एक हप्ता त्याने सव्वीस वर्षं कुणाला सांगितला नव्हता, बायकोलाही नाही.

मला तिथे उमगलं ते असं. ते स्वतःला सांगत होते की सुनील गुंड झाला म्हणून आपण लांब गेलो. तो गुंड झाला होता हे खरंच. पण लांब जायला त्यांनी सुरुवात केली 1998 मध्ये, नोकरी लागल्या लागल्या. तेव्हा सुनीलवर एकही केस नव्हती. पथक सोडलं, वाड्यात जाणं कमी केलं. सुनीलचं तोंड पाहिलं की पावतीपुस्तक आठवायचं. उपकार जड झाला की माणूस उपकार करणाऱ्यालाच टाळतो. पुढे मित्राचे गुन्हे दाखवून त्या टाळण्याला इभ्रत देता येते.

यात पुरुषांच्या मैत्रीची एक गंमतही आहे, दुःखद गंमत. रॉबिन डनबार यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडलंय की पुरुषांची मैत्री बोलण्यावर कमी आणि बरोबर काहीतरी करण्यावर जास्त टिकते. क्रिकेट, ट्रेक, ढोल. करणं थांबलं की फोनवर बोलायला विषयच उरत नाही. अविनाशनी पथक सोडलं तेव्हा त्यांना वाटलं आपण फक्त ढोल सोडला.

आणि अशा तुटण्याला सुतक नसतं. मित्र वारला असता तर चार लोक भेटायला आले असते. तो जिवंत आहे, दहा किलोमीटरवर आहे, आणि आपल्यापुरता नाही. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम करताना अशा नुकसानीला नाव दिलं. मराठीत आपण तिला 'संदिग्ध हानी' म्हणतो. माणूस गेला की आहे, हे ठरत नाही, म्हणून रडताही येत नाही. 'परिंदा'त गोळी वाजते, कबुतरं उडतात, सगळ्या थिएटरला कळतं की काहीतरी तुटलं. अविनाशच्या जिन्यात फक्त पावलं वाजली होती.

त्या बुधवारी सुनील बँकेत आला होता. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. आत आलाच नाही, वॉचमनकडे देऊन गेला. पत्रिकेवर पेनाने लिहिलेलं, 'श्री. अविनाश व परिवार'. अविनाशना तो 'श्री.' लागला.

"जाऊ का?" हा खरा प्रश्न होता. बहुतेकांचा हाच असतो, आणि बहुतेकांना माझ्याकडून हो किंवा नाही हवं असतं. मी आधी दुसरंच विचारलं. तो आता काय करतो, कुणाबरोबर असतो, हे कळलंय का? कळलं होतं. सुटून नऊ वर्षं झाली, मार्केटयार्डात भाजीचा टेम्पो चालवतो, नवीन केस नाही. हे तपासणं म्हणजे मित्रावर अविश्वास नव्हे. मित्र अजूनही त्याच धंद्यात असता तर मी लग्नाला जाऊ नका असंच सांगितलं असतं, आणि आठवण मनात ठेवायला मदत केली असती.

मग दुसरं विचारलं. उद्या त्याने कर्ज मागितलं, जामीन राहा म्हणाला, तर नाही म्हणता येईल? अविनाश गप्प. अपराधी मनाने जोडलेल्या नात्यात नाही म्हणता येत नाही, आणि ते वर्षभरात पुन्हा तुटतं, या वेळी कडवटपणे. म्हणून आम्ही सराव केला. मी सुनील झाले. "अव्या, तुझ्या सहीचं काम आहे रे," असं मी म्हणायचं आणि त्यांनी उत्तर द्यायचं. पहिल्यांदा ते बँकेचे नियम सांगायला लागले. दुसऱ्यांदाही. चौथ्या-पाचव्यांदा म्हणाले, "सुन्या, बँकेचं सोडून काहीही सांग." मी म्हटलं, झालं.

बायकोला एका भेटीला बोलावलं. पैशांचं अविनाशनी माझ्यासमोर सांगितलं. ती पैशांवर काहीच बोलली नाही. म्हणाली, "लग्नाला जा, पण त्यांना घरी बोलवायचं नाही. अजून तरी नाही." अविनाशना सुनीलच्या मुलीचं केळवण घरी करायचं होतं. मनात मांडामांड झाली होती, बंद दार उघडायचं वगैरे. मी बायकोच्या बाजूने उभी राहिले. त्या दारामागे ती आणि तिचं बाळही होतं, आणि त्या रात्री घाबरली तीसुद्धा होती. तिच्या भीतीने अविनाशचं कर्ज का फेडायचं?

लग्नाच्या दहा दिवस आधी अविनाश एकटे मार्केटयार्डात गेले. पहाटेची वेळ, कांद्याच्या गोण्या उतरत होत्या. पुढचं मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं.

सुनील म्हणाला, "चहा घेणार?" एवढंच. चहा आला. अविनाशनी पाकीट पुढे केलं, सव्वीस वर्षांपूर्वीचे साडेसहा हजार, म्हणून. सुनीलने विचारलं, "कसले?" पावतीपुस्तकाची गोष्ट सांगितली, तरी त्याला आठवेना. "दिले असतील. तेव्हा कुणाकुणाला देत होतो." पाकीट परत सरकवलं.

मग अचानक म्हणाला, "तो पिक्चर मी पूर्ण पाहिला नंतर. आतून सुटल्यावर, मोबाइलवर. नावेत बसून लांब जातात काय! खोटारड्या." दोघं हसले. शेजारचा हमाल बघायला लागला.

हसणं थांबल्यावर सुनील ग्लासाकडे बघत म्हणाला, "त्या रात्री तुझ्याकडे दाराखालनं लाइट दिसत होती. मधे सावली होती." आणि चहावाल्याला अजून दोन कटिंग सांगितले.

"म्हणजे काय मॅडम? त्याने माफ केलं की ऐकवलं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यालाच विचारा कधीतरी, किंवा नका विचारू.

लग्नाला गेले. अक्षता टाकल्या, आहेर केला, जेवायला मात्र थांबले नाहीत. पुढच्या भेटीला आले तेव्हा पहाटेची जाग आठवड्यातून दोनदाच येत होती. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "वरातीत ढोल नव्हता हो लावला त्याने. बँजो! सुन्याने, बँजो!"

आणि टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी नकळत ठेका धरला.