ऐकलेलं चित्रात कसं उतरवावं?

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची. तिला घरीच शिकवतो. इतिहास-भूगोलही पाठ्यपुस्तकांऐवजी गोष्टी आणि वर्णनांच्या पुस्तकांतून. पण मी वाचायला बसले की पाच मिनिटांत तिचं लक्ष उडतं. चित्र काढायला दिलं तर तासभर जागची हलत नाही. चित्रांचीच पुस्तकं आणावीत का?
– एक आई, बोरिवली

उत्तर : पुस्तकं बदलू नका. चांगली भाषा कानावर पडावी म्हणूनच तुम्ही ही वाट धरलीत. वाचायची पद्धत बदला. आणि ‘हिला बघूनच कळतं’ असा शिक्काही मारू नका. शब्दाला चित्राची जोड बहुतेक सगळ्याच मुलांच्या उपयोगी पडते.

एका वेळी दीड-दोन पानंच वाचा. छापलेलं चित्र कागदाने झाका, नाहीतर ती ऐकलेलं सोडून बघितलेलंच काढेल. पुस्तक मिटल्यावर ए-फोर कागदाला दोन घड्या घालून चार चौकोन करा. दहा मिनिटं, नुसती पेन्सिल. रंगपेटी उघडली की सगळा वेळ आकाश रंगवण्यात जातो. मग प्रत्येक चौकोनाखालचं एक वाक्य तिने सांगायचं, तुम्ही लिहायचं. हे कधीच गाळू नका. चित्र सुरेख आणि गोष्ट मात्र सांगता येत नाही, असं होतं ते ही पायरी राहिली म्हणूनच. जिथे ती अडेल तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचा.

इतिहासासाठी दुकानात बिलं छापायचा कागदी रोल आणा आणि भिंतीवर कालपट्टी करा : दहा वर्षांना पाच सेंटिमीटर. सुरुवात १६६१पासून, म्हणजे मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण देण्याचा करार झाला तिथून. आजपर्यंतची पट्टी जेमतेम सहा फूट भरते, छोट्या घरातही मावते. बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी, १८५३, येते ९६ सेंटिमीटरवर; १९४७ येतं १४३वर. खुणा पट्टीने मोजूनच करा. अंदाजाने चिकटवलं की सगळ्या घटना सारख्या अंतरावर बसतात आणि काळाचं भान चुकतं.

भूगोलाला मुंबईच्या आजच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून जुनी सात बेटं काढू द्या : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. बोरिवली या सातांत नाही, ती साष्टी बेटावर. ते तिचं तिलाच शोधू द्या.

कवितेला मात्र चौकोन नकोत. तिचे तुकडे केले की लय तुटते. ती मोठ्याने म्हणत म्हणतच पाठ होऊ द्या.