जळगावला मराठी माध्यमात शिकलो. ऑनलाइन चाचणीत इंग्रजी शब्दसंग्रह ९,००० आला. हे फार कमी आहे का?

अजिबात नाही. आधी चाचणीने काय मोजलं ते बघा. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या १४० प्रश्नांच्या चाचणीत एक प्रश्न १०० शब्दकुळांमागे धरतात. मूळ शब्द आणि त्याची साधित रूपं मिळून एक कूळ. काही चाचण्या ती रूपं सुटी मोजतात, मग आकडा फुगतो. २०१६च्या एका अभ्यासात २० वर्षांच्या इंग्रजीभाषक अमेरिकनांना सुमारे ४२,००० शब्द येतात असं निघालं, पण ती कुळं नव्हेत. शिवाय तुमची अहिराणी, मराठी, हिंदी यात कुठेच धरलेली नाही!

नेशन यांच्याच हिशेबाने ८,००० ते ९,००० कुळं आली की कादंबरी, वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचता येतं. तुमचे ९,००० कुळांचे असतील तर बिनधास्त वाचायला घ्या.