कुत्र्याचा पासपोर्ट: आधी चिप, मग लस

प्रश्न: आम्ही जर्मनीत राहतो. आमची कुत्री चिंगी सात महिन्यांची आहे. येत्या जुलैमध्ये फ्रान्सहून बोटीने आयर्लंडला सुट्टीसाठी जाण्याचा आमचा बेत असून तिला मागे ठेवायला घरातले कोणीच तयार नाही. रेबीजची लस तिला चौथ्या महिन्यात दिली, मायक्रोचिप मात्र गेल्या महिन्यात बसवली. तिचा पासपोर्ट कोठे मिळेल आणि त्यासाठी किती दिवस हाताशी ठेवावेत?

उत्तर: पासपोर्ट मिळवणे अवघड नाही. जर्मनीत तो अधिकारप्राप्त पशुवैद्यच देतात, त्यामुळे आपल्या नेहमीच्या पशुवैद्यांना तो अधिकार आहे का, एवढेच आधी फोन करून विचारावे. खरी अडचण आपण पत्रात ओघाने लिहून गेलात त्या वाक्यात आहे. चिप बसवण्यापूर्वी दिलेली रेबीजची लस प्रवासासाठी धरलीच जात नाही. ती लस नेमकी याच कुत्रीला टोचली होती, हे दाखवणारी कोणतीही खूण त्या दिवशी तिच्या अंगावर नव्हती, हे त्यामागचे कारण आहे. चिंगीला पुन्हा टोचायचे म्हणजे आपल्या जिवावर येईल हे मी समजू शकते, परंतु त्याला पर्याय नाही, आणि लसीची तारीख मागेपुढे करून देण्याची गळ पशुवैद्यांना कृपया घालू नये.

नव्या लसीनंतर 21 दिवस पूर्ण व्हावे लागतात, कारण शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा अवधी लागतो. लसीचा दिवस शून्य धरायचा असतो. म्हणजे 1 जूनला लस दिली, तर 22 जूनपासून प्रवास करता येतो. पासपोर्टमध्ये प्रत्येक लसीपुढे ती कधीपासून आणि कधीपर्यंत वैध आहे, अशा दोन तारखा लिहिलेल्या असतात. त्यातली दुसरी तारीख घरच्या कॅलेंडरवर ठळक नोंदवून ठेवावी. पुढचा डोस मुदतीत दिला तर थांबावे लागत नाही. पण एक दिवस जरी उशीर झाला, तरी ती लस पहिलीच समजली जाते आणि 21 दिवसांची मोजणी पुन्हा सुरू होते.

लस टोचण्याआधी पशुवैद्यांना चिप वाचून दाखवायला अवश्य सांगावे. चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात, पण ती काही वेळा सरकते. माझ्या स्वतःच्या कुत्र्याच्या पाठीवर स्कॅनर तीनदा फिरवूनही तो वाजला नव्हता. शेवटी डाव्या खांद्याच्या खाली, जवळजवळ कोपराशी, चिप सापडली. पडद्यावर उमटलेले पंधरा आकडे आणि पासपोर्टमध्ये लिहिलेले पंधरा आकडे त्या वेळी मी बोट ठेवून एकेक करून ताडून पाहिले. आपणही तसेच करावे, कारण एक आकडा चुकीचा लिहिला गेला तर तो पासपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो. चिपचा तपशील लिहिलेल्या पानावर पारदर्शक आवरण चिकटवून ते बंद करतात, म्हणून तपासणी त्यापूर्वीच व्हायला हवी.

आयर्लंडसाठी आणखी एक अट आहे. कोल्ह्यांमधून पसरणारा एक घातक पट्टकृमी तेथे नाही, आणि तो येऊ नये म्हणून कुत्र्याला प्राझिक्वांटेल हे जंतांचे औषध देऊनच देशात प्रवेश मिळतो. माल्टा, फिनलंड आणि नॉर्वे येथेही हाच नियम आहे. औषध पोहोचण्याच्या किमान 24 आणि जास्तीत जास्त 120 तास आधी दिलेले असावे लागते. या औषधाने आतड्यातले कृमी मरतात, परंतु पुढच्या संसर्गापासून त्याचे संरक्षण मिळत नाही. त्यामुळे फार आधी दिलेले औषध निरुपयोगी ठरते. आपली बोट शनिवारी सकाळी 11 वाजता लागणार असेल, तर सोमवारी सकाळी 11 ते शुक्रवारी सकाळी 11 एवढाच काळ आपल्या हाती आहे. बोटीला उशीर होऊ शकतो हे ध्यानात घेऊन मी बुधवार सुचवेन. औषध घरी न देता पशुवैद्यांकडूनच द्यावे आणि तारखेबरोबर वेळही पासपोर्टमध्ये लिहून घ्यावी. ही वेळ लिहायची अनेकदा राहून जाते.

प्रश्न: आम्ही स्पेनमध्ये असतो. आमच्या कुत्र्याकडे पासपोर्ट आहे आणि लसही मुदतीत आहे. दोन आठवडे मोरोक्कोला जाऊन येण्यासाठी आणखी काही लागेल का?

उत्तर: मोरोक्कोत प्रवेशाच्या अटी त्यांच्या वकिलातीकडून समजून घ्याव्यात, मला काळजी वाटते ती आपल्या परतीची. मोरोक्कोत रेबीज आजही आढळतो आणि युरोपीय संघाच्या मान्य देशांच्या यादीत तो देश नाही. अशा देशातून परतणाऱ्या कुत्र्याच्या रक्तातील रेबीजविरोधी प्रतिपिंडे मोजलेली असावी लागतात आणि त्यांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. रक्त लसीनंतर किमान 30 दिवसांनी घ्यायचे असते आणि तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच व्हावी लागते.

ही तपासणी निघण्यापूर्वी करून तिचा समाधानकारक निकाल पासपोर्टमध्ये नोंदवून घेतला, तर परतताना थांबावे लागत नाही. ती मोरोक्कोत गेल्यावर करायची झाली, तर रक्त घेतल्यापासून तीन महिने कुत्र्याला परत आणता येणार नाही, आणि दोन आठवड्यांची सुट्टी संपवून त्याला परक्या ठिकाणी ठेवून येण्याची पाळी आपल्यावर येईल. निकाल हाती आल्याशिवाय बोटीची तिकिटे काढू नयेत, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. पुढच्या लसी मुदतीत देत राहिल्यास ही तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

प्रश्न: इंग्लंडमध्ये 2018 साली काढलेला कुत्र्याचा पासपोर्ट फ्रान्सला जाताना चालेल का?

उत्तर: नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये दिलेले पासपोर्ट 1 जानेवारी 2021 पासून युरोपीय संघात प्रवेशासाठी ग्राह्य नाहीत. त्याऐवजी अधिकृत पशुवैद्यांकडून प्राण्याचे आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ते प्रवेशापूर्वीच्या दहा दिवसांतले असावे लागते. जुना पासपोर्ट टाकून मात्र देऊ नये. त्यातील चिपची आणि लसींची नोंद प्रमाणपत्र करताना पशुवैद्यांच्या उपयोगी पडते.